मनाच्या जखमेचा इतिहास : अकरा जुलैच्या निमित्ताने



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात इतिहासावर एक लेख असतोच. कधी महाडचा सत्याग्रह, कधी नागपूरची धम्मदीक्षा, कधी नामांतराचा लढा. यंदा आम्ही जो इतिहास मांडत आहोत तो एका आजाराचा आहे. विहाराच्या स्मरणिकेत आजाराचा इतिहास कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण आधी सांगतो.

आम्ही म्हणजे विहारातल्या रविवारच्या वाचनवर्गाची सहा-सात माणसे. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, एक परिचारिका आहे, दोघी अंगणवाडीच्या ताई आहेत, बाकीचे नोकरदार. डॉक्टर कोणी नाही. दरवर्षी ११ जुलैला आम्ही घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात शहीद स्मारकाला अभिवादन करायला जातो. दोन वर्षांपूर्वी परतताना आमच्या वस्तीतल्या एक मावशी सोबत होत्या. गोळीबार झाला तेव्हा त्या हायवेच्या कडेलाच राहायला होत्या. चालता चालता त्या म्हणाल्या, "तुम्ही वर्षातनं एकदा आठवण काढता, बाबांनो. माझी तर जातच नाही. मी विसरायचं म्हणते, ती मला विसरत नाही."

मग हळूहळू कळले. जुलैचा पाऊस लागला की मावशींची झोप उडते. रिक्षाचा टायर फुटला तरी हातातला हंडा तिथेच टाकून त्या आत पळतात आणि कडी लावून घेतात. मुलगा कामावरून उशिरा आला की दारात उभ्या. त्या बाजूच्या बस स्टॉपवर त्या कधी उतरत नाहीत, एक स्टॉप पुढे जाऊन मागे चालत येतात. माहेरच्यांनी एकदा कुणाकडे तरी नेऊन अंगारा लावला होता. हे विहारात सांगायची त्यांना लाज वाटत होती. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा कसा आला, असे कोणी विचारले तर काय सांगायचे? घरच्यांचे मत एकच, "तिचा स्वभावच घाबरट."

ते ऐकून आम्हाला वाईट वाटलेच, पण त्याहून अधिक स्वतःची लाज वाटली. अकरा जुलैचे स्मरण आपण सर्वांनी मिळून केले. त्या दिवसाची आठवण मात्र मावशींसारख्या माणसांना एकट्याने वाहावी लागली. तेव्हापासून वाचनवर्गात आम्ही हा विषय घेतला. जे वाचले, समजले, ते येथे मांडतो.

त्या दिवशी काय घडले

नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. ११ जुलै १९९७, शुक्रवार. सकाळी रमाबाई आंबेडकर नगरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांना दिसला. संतापलेले लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. १० जण मृत्युमुखी पडले, २६ जण जखमी झाले. त्यात निदर्शनाशी संबंध नसलेली, आपल्या वाटेने जाणारी माणसेही होती. चारच दिवसांनी, १५ जुलैला, लोकशाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरी जीवनयात्रा संपवली. माणसाच्या अशा मृत्यूला एकच एक कारण चिकटवू नये. पण त्या चार दिवसांत त्यांच्या मनावर काय बेतले असेल, याचा विचार आजही अंगावर काटा आणतो.

पुढे न्यायमूर्ती गुंडेवार आयोग बसला. गोळीबार समर्थनीय नव्हता, असा त्याचा निष्कर्ष आला. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. नंतर उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. मेलेल्यांची आणि जखमींची मोजदाद झाली. पण जे समोर उभे होते, ज्यांनी शेजाऱ्याला उचलून नेले, जी पोरे दाराच्या फटीतून बघत होती, त्यांची मोजदाद कोणत्या यादीत करणार? त्यांना गोळी लागली नव्हती. तरीही त्यांना काही लागले होते. जे लागले त्याला नाव मिळायला जगाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

रेल्वे, रणांगण आणि 'भित्रेपणा'

या आजाराच्या इतिहासाची सुरुवात आपण उपनगरवाल्यांना जवळची वाटेल. ती रेल्वेपासून होते. आपल्याकडे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ती याच घाटकोपर-मुलुंडच्या अंगाने. इंग्लंडमध्ये रेल्वे त्याआधीच आली होती आणि तिच्याबरोबर अपघातही. अपघातातून धडधाकट वाचलेली माणसे काही दिवसांनी थरथरू लागत, त्यांची झोप जाई, गाडीत पाय ठेवायची हिंमत होत नसे. १८६६ साली जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यविशारदाने यावर पुस्तक लिहिले. पाठीच्या कण्याला बसलेल्या हादऱ्यामुळे हे होते, असे त्याचे म्हणणे होते, म्हणून लोक या त्रासाला 'रेल्वेचा कणा' म्हणू लागले. १८८३ साली हर्बर्ट पेज या दुसऱ्या शल्यविशारदाने सांगितले की कण्याला काही झालेले नसते, हा भीतीचा धक्का आहे. वाद नुसता वैद्यकाचा नव्हता. नुकसानभरपाई द्यायची की नाही, हा प्रश्न त्यात होता. दिसत नाही ती जखम खरी मानायची का? हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही.

त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध होऊन गेले होते. १८७१ साली जेकब डा कोस्टा या डॉक्टरने असे सैनिक नोंदवले, ज्यांच्या छातीत धडधड होते, धाप लागते, पण हृदयात बिघाड सापडत नाही. मग आले पहिले महायुद्ध. खंदकात महिनोन्‌महिने तोफांच्या माऱ्याखाली राहिलेल्या सैनिकांची वाचा जाऊ लागली, हातपाय लुळे पडू लागले. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापून आणला. तोफगोळ्याचा धक्का, असा त्याचा अर्थ. पण जे तोफेच्या जवळपासही नव्हते त्यांनाही हा त्रास होत होता. सेनाधिकाऱ्यांना हा भित्रेपणा वाटे. त्या युद्धात पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने ३०६ जणांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली २००६ साली, म्हणजे नव्वद वर्षांनी.

आपल्या घरांशीही या युद्धांचा संबंध आहे. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. पुन्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभी झाली. कोकणातल्या, देशावरच्या कितीतरी घरांत 'पेन्शनर आजोबां'चा फोटो भिंतीवर आहे. त्यांच्या शौर्याच्या गोष्टी आपण ऐकल्या. पण कधीकधी आजी हळूच सांगायची, "लढाईवरनं आल्यापासनं ते रात्री ओरडत उठायचे." ती गोष्ट तिथेच थांबायची.

१९४१ साली अब्राम कार्डिनर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने लिहिले की अशा माणसाचे नुसते मन दुखावलेले नसते, त्याचे सगळे शरीर अजून लढाईच्या तयारीत असते. पण युद्ध संपले की समाजाला विसरायचे असते. कार्डिनरचे म्हणणेही मागे पडले.

नाव कसे मिळाले

ते पुढे आणले दुखावलेल्या माणसांनीच. व्हिएतनाम युद्धातून परतलेले अमेरिकन सैनिक १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये गोलाकार बसून एकमेकांना आपले अनुभव सांगू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि हाईम शातान हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले. दुसरीकडे स्त्रीमुक्ती चळवळीच्या रेट्याने अत्याचारित स्त्रियांचे ऐकले जाऊ लागले. १९७४ साली बोस्टनमध्ये अॅन बर्जेस या परिचारिका-संशोधक आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ यांनी बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांच्या त्रासाचे वर्णन प्रसिद्ध केले. युद्धावर कधीही न गेलेल्या या स्त्रियांची लक्षणे सैनिकांशी जुळत होती.

या सगळ्यातून १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या अधिकृत ग्रंथात 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' हे नाव आले. डॉक्टर मंडळी त्याला पीटीएसडी म्हणतात, मराठीत आघातोत्तर तणाव विकार. या नावाने मोठी गोष्ट केली. मानसिक आजाराचे कारण तोवर बहुधा माणसाच्या आत, त्याच्या स्वभावात, आईबापांत शोधले जाई. या निदानाने सांगितले की कारण बाहेर आहे, या माणसावर काहीतरी गुदरले आहे. "तुझा स्वभावच घाबरट" याला शास्त्राने दिलेले हे उत्तर आहे.

मात्र त्या वेळच्या व्याख्येत एक अट होती. प्रसंग माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडचा हवा. आपल्यासारख्यांना ही अट वाचून हसू आणि रडू दोन्ही येते. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात ज्यांची घरे जळाली आणि जे मुंबईला आले, त्यांच्या अनुभवापलीकडचे काय होते? १९९२-९३ च्या दंगली, त्यात जोगेश्वरी पेटलेली. २००२ आणि २००३ साली घाटकोपरला बसमध्ये स्फोट. १३ मार्च २००३ ला मुलुंडला लोकलच्या डब्यात स्फोट. २६ जुलै २००५ चा पाऊस आणि साकीनाक्याला कोसळलेली दरड. २००६ साली पुन्हा ११ जुलैच, पश्चिम रेल्वेवर सात स्फोट, त्यांत जोगेश्वरी आणि बोरिवलीही. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडा नगरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली. उपनगरातला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लोकल पकडतो. वर्तमानपत्रे त्याला 'मुंबईचे स्पिरिट' म्हणतात. कामावर गेलो नाही तर पगार कापतात, हे त्या स्पिरिटचे निम्मे रहस्य आहे. ती अट १९९४ साली काढली गेली. अलीकडे, २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात वारंवार किंवा दीर्घकाळ झालेल्या आघातातून येणाऱ्या गुंतागुंतीच्या विकारालाही वेगळी जागा मिळाली.

आपल्या देशात या विषयाकडे लक्ष गेले ते मोठ्या दुर्घटनांतून. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचे डॉ. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांचे सहकारी तेथे गेले आणि तेथल्या साध्या डॉक्टरांना मनाच्या त्रासाचे प्रशिक्षण दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यातून वाचलेल्या काही लोकांची तज्ज्ञांनी पाहणी केली, ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक लोकांत मानसिक विकार आढळला, मुख्यतः हाच विकार आणि नैराश्य. बायकांत आणि कमाईचे साधन गेलेल्यांत त्रास जास्त होता. म्हणजे घर, रोजगार आणि मनाचे आरोग्य या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत.

मेंदूत काय होते

वाचनवर्गात आम्हाला सर्वांत अवघड गेला तो हा भाग. तो समजावा म्हणून आम्ही आपल्याच वस्तीचा दाखला घेतला.

मेंदूत खोलवर बदामाएवढी एक गाठ असते, अमिग्डाला. ती वस्तीच्या राखणदारासारखी. धोका दिसला की शिट्टी मारते. विचार करायला थांबत नाही, थांबली तर उपयोग काय? तिच्या शेजारी हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, तो मंडळाच्या चिटणीसासारखा. कोणती घटना, कुठे, कोणत्या तारखेला घडली, याची नोंद करतो. आणि कपाळामागचा भाग म्हणजे वडीलधारे माणूस, जे म्हणते, "थांबा रे, टायर फुटलाय, काही नाही."

भयंकर प्रसंगी शिट्टी इतक्या जोरात वाजते की चिटणीसाची नोंद नीट होत नाही. आवाज, वास, पाऊस, रक्ताचा रंग, हे सगळे ठळक राहते, पण 'हे घडून गेले' हा शिक्का बसत नाही. म्हणून मावशींना ती आठवण 'आठवण' वाटतच नाही, आत्ता चालू असलेली घटना वाटते. जोसेफ लेडू या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून दाखवले की एखादा आवाज आणि इजा यांची गाठ अमिग्डालात पक्की बसते आणि मग नुसता आवाजही पुरतो.

१९९६ साली बोस्टनच्या संशोधकांनी या विकाराच्या काही रुग्णांना त्यांचाच प्रसंग वाचून दाखवला आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे चित्र घेतले. अमिग्डालाचा भाग पेटलेला होता आणि बोलण्याशी संबंधित असलेल्या ब्रोका नावाच्या भागात हालचाल मंदावलेली होती. 'तोंडातून शब्द फुटेना' असे आपण म्हणतो ते अक्षरशः खरे आहे. म्हणून अशा माणसाला "बोल की, काय झालं ते सांग" असे दरडावून उपयोग नसतो.

शास्त्र अजून सगळे जाणत नाही, हेही सांगितले पाहिजे. व्हिएतनामच्या काही सैनिकांत हिप्पोकॅम्पस लहान आढळला, तेव्हा वाटले की आघाताने तो आक्रसला. पण २००२ साली जुळ्या भावांच्या अभ्यासात दिसले की युद्धावर न गेलेल्या भावाचाही तो लहानच होता. म्हणजे काहींत तो आधीपासून लहान असावा आणि त्यामुळे विकाराचा धोका वाढत असावा. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. भयंकर प्रसंगातून गेलेल्या बहुसंख्य माणसांना हा विकार होत नाही. काळ आणि माणसांचा आधार मिळाला की ती सावरतात. महिना उलटूनही त्रास कमी होत नसेल, तर मात्र डॉक्टरकडे जायला हवे.

उपचार आहेत

मावशींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, आता काय बरं होणार?" आम्हालाही तशीच शंका होती. पण जुन्या जखमेवरही उपचार चालतात.

एक उपचार एडना फोआ यांनी विकसित केला, तो १९९१ पासून चाचण्यांत सिद्ध होत आला आहे. त्यात प्रशिक्षित तज्ज्ञासमोर, सुरक्षित जागी, रुग्ण तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतो आणि टाळलेल्या जागी टप्प्याटप्प्याने जातो. दर आठवड्याला एक बैठक, अशा सुमारे दहा-पंधरा. जुनी भीती पुसली जात नाही, पण तिच्या शेजारी नवी शिकवण बसते की आता धोका नाही. पॅट्रिशिया रेसिक यांची पद्धत मनात रुतलेल्या विचारांवर काम करते: 'मी त्याला बाहेर जायला सांगितले म्हणून तो मेला' यासारख्या. हा अपराधी भाव कित्येकांना आतून पोखरत असतो. फ्रान्सीन शापिरो यांनी १९८९ साली मांडलेल्या पद्धतीत प्रसंग आठवताना डोळे डावी-उजवीकडे हलवायला सांगतात. गुण येतो हे दिसले आहे. डोळे हलवण्याचा त्यात वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन अशी औषधेही आहेत, ती डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यायची. मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी आणि संध्याकाळची क्वार्टर ही औषधे नव्हेत. बाटलीमागे लपलेले दुःख आपल्या वस्त्यांत किती आहे, हे आम्ही सांगायला नको.

आणखी एक धडा शास्त्राने चुकून शिकला. पूर्वी दुर्घटना झाली की लगेच सर्वांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सगळे बोलून घ्यायची पद्धत होती. चाचण्यांत दिसले की त्याने विकार टळत नाही, काहींना उलट त्रास होतो. तेव्हा पहिल्या दिवशी माणसाला हवे असते पाणी, कोरडे कपडे, आपली माणसे कुठे आहेत याची खबर, आणि शेजारी बसणारे कोणीतरी.

आपण धम्माचे उपासक, तेव्हा ध्यानाचा प्रश्न येणारच. २०१५ साली अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या चाचणीत सजगतेच्या सरावाने लक्षणे थोडीफार कमी झाली. श्वासाकडे लक्ष ठेवण्याने मन वर्तमानात येते, याचा फायदा आहेच. पण ताज्या किंवा खोल जखमेच्या माणसाने सरळ दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाणे धोक्याचे ठरू शकते. डोळे मिटले की ज्याला तेच दिसते, त्याला डोळे मिटून बस म्हणू नये. आधी डॉक्टरला विचारावे, आणि शिबिराच्या अर्जात आपला त्रास लपवू नये.

साक्ष आणि सन्मान

आमच्या मनाला सर्वांत भिडला तो साक्षीचा उपचार. चिलीमध्ये पिनोशेची हुकूमशाही असताना तेथल्या मानसोपचारकांनी छळ सोसलेल्या लोकांची हकीकत त्यांच्याच तोंडून नोंदवायला सुरुवात केली. त्यावरचा लेख १९८३ साली प्रसिद्ध झाला. ती नोंद एकाच वेळी उपचारही होती आणि पुरावाही. पुढे आपल्या देशात वाराणसीच्या मानवाधिकार जननिगरानी समितीने डेन्मार्कच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने हीच पद्धत पोलिसी छळ सोसलेल्यांसाठी वापरली. बोलणारा बोलतो, ऐकणारा लिहितो, मग लिहिलेले त्याला वाचून दाखवतो, तो दुरुस्त करतो. शेवटी गावासमोर सन्मानाचा कार्यक्रम होतो आणि ती साक्ष त्याच्या हाती दिली जाते. आफ्रिकेत युगांडातील निर्वासितांच्या छावणीत याच्याशी मिळताजुळता उपचार काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या निर्वासितांनीच दिला, आणि तो लागू पडला, असे २००८ साली दिसून आले. म्हणजे वस्तीतली माणसेही शिकली तर हे काम करू शकतात.

रमाबाई नगरची जखम नुसत्या भीतीची नव्हती. तिच्यात बाबासाहेबांच्या पुतळ्याचा अपमान होता आणि ज्यांनी रक्षण करायचे त्यांनीच गोळ्या झाडल्याचा धक्का होता. अपमानाची जखम सन्मानाशिवाय भरत नाही. न्यायालयाचा निकाल, आयोगाचा अहवाल, स्मारक, दरवर्षीचे अभिवादन, या सगळ्याला उपचाराचेही मोल आहे, कारण त्यातून समाज म्हणतो की हे घडले आणि ते चूक होते. पण एवढ्याने मावशींची झोप परत येत नाही. दोन्ही हवे.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली बरे होण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणे. हे वाचताना आमच्या वर्गातल्या एका ताईंना पटाचारा आठवली. एकाच फेऱ्यात नवरा, दोन्ही मुले, आईबाप, भाऊ गमावलेली ती स्त्री भान हरपून, वस्त्राचीही शुद्ध नसलेली, जेतवनात आली. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. भगवान बुद्धांनी तिला येऊ दिले, भानावर ये म्हणाले, आणि कोणीतरी आपल्या अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. आधी वस्त्र मिळाले, मग तिची कहाणी ऐकली गेली, आणि पुढे तीच थेरी झाली. मुले गमावलेल्या कितीतरी स्त्रिया तिच्याकडे येऊन सावरल्या. तिला कोणी 'विसर' म्हटले नव्हते.

मावशींचे काय झाले ते सांगून थांबतो. पहिल्यांदा ज्या दवाखान्यात नेले तिथे पाच मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणाले. आम्ही सोडले नाही. दुसरीकडे नेले, तिथे ऐकणारी बाई भेटली. वर्षभर उपचार झाले. मावशी बऱ्या झाल्या असे आम्ही म्हणणार नाही. टायर फुटला की अजून दचकतात. पण हंडा आता हातातच राहतो. गेल्या ११ जुलैला त्या त्याच बस स्टॉपवर उतरल्या.

आमच्या वाचनवर्गाची विहार समितीला नम्र सूचना आहे. येत्या ११ जुलैपासून अभिवादनानंतर विहाराची एक खोली अशा लोकांसाठी उघडी ठेवावी. शिकलेल्या समुपदेशकाला बोलवावे. ज्याला सांगायचे असेल त्याचीच साक्ष नोंदवावी. लहान मुलांना स्टेजवर उभे करून ते प्रसंग वदवून घेऊ नयेत. तोवर, ज्यांना गरज आहे त्यांनी थांबू नये. केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेलि-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्याचा उपचार हा आपला हक्क ठरवला आहे, आणि हक्क मागायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे.

आपल्या घरात असे कोणी असेल, आई, आजी, काका, तर त्यांना 'घाबरट' म्हणू नका. तुमच्यावर काय गुदरले ते आम्हाला माहीत आहे, एवढे एकदा म्हणा. मग सोबत चला.

जय भीम! जय भारत!

आपले,
रविवारच्या वाचनवर्गाचे सभासद